मणी बिमारी ओढतात म्हणे

कारंज्याहून एक शिकलेली पोरगी तिच्या अभ्यासाच्या तपासणीसाठी माह्या आजारी बायकोची लघवी न्याले यायची. त्यात प्लास्टिकचे बारीक मणी टाकले की ते फक्त बिमारीचा अंश धरतात, बाकी सारं सोडतात, असं तिनं सांगितलं. तिच्या मायलेही हीच बिमारी होती, ती रोज गोळ्या खायची.

"मंग पोरी, बिमारी तर तूच ओढून राह्यली, गोळ्या कायले खाऊ?" बायको म्हणाली. पोरगी नुसती हसली अन् शिशी घेऊन गेली. बायकोनं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या अन् उन्हाळ्यात मेली.

तेरवीनंतर पोरगी पुन्हा आली. "काका, काकूंचे नमुने फार चांगले निघाले. आता तुलनेसाठी निरोगी माणसाची लघवी हवी. तुमची द्याल?"

"देतो. आधी तुया मायच्या गोळ्या बंद कर, तुया हसण्यावर काकूनं फेकल्या तशा."

ती दारातच रडली. मले बरं वाटलं.