रघूची इटली आणि माझं मनमाड

रघू गेल्याचं त्याच्या पुतण्यानं दारातूनच सांगितलं, तेव्हा माझी बायको कमल चुलीपाशी वांगी भाजत होती. हातातलं वांगं निखाऱ्यातच टाकून ती जी रडायला बसली... मागे मला टायफॉइड झाला, डॉक्टरांनी मान हलवली होती, तेव्हासुद्धा ही इतकी रडली नव्हती. खोटं कशाला सांगू, माझा जिवाभावाचा मित्र गेला होता आणि मी हिच्या आसवांचा हिशोब मांडत होतो. रघूचा हेवा करायची माझी सवय फार जुनी. त्याच्या मरणानंही ती मोडली नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजेतला रघू इटलीहून जळगावला परतला तो एक गोष्ट आणि एक लाकडी उखळी घेऊन. रजेच्या दिवशी तो तिथं आगगाडीनं कुठलंसं शहर बघायला निघाला होता. वाटेत स्टेशन लागलं तसा आपल्याकडच्या सवयीनं बाटली घेऊन पाण्याला उतरला. भुसावळला गाडी कशी पाय पसरून उभी राहते! तिथली निघूनही गेली. मग पायी पायी एका खेड्यात पोचला. एका म्हातारीच्या परसात वांगी दिसली. तिला ‘माय’ म्हणून हाक मारून, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतो तशी ती त्यानं द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजली, तिच्याच उखळीत ठेचली आणि सगळ्या घराला भरीत खाऊ घातलं. निघताना म्हातारीनं उखळीच हातात दिली. ही गोष्ट सांगितली की पुढचा महिनाभर रघूला घरोघरी जेवण. मी बापडा भुसावळच्या पुढे गेलो नव्हतो. मला कोण जेवायला बोलावणार?

म्हणून धुळ्याला मुलगी पाहायला निघालो तेव्हा गाडीतच त्याला बजावलं, “आज इटलीचं नाव काढायचं नाही. मुलगी मला पाहायचीय, तुला नाही.”

“तुझ्या गळ्याची शपथ,” रघू म्हणाला.

चाळीसगावला गाडी बदलायची होती. इटलीत चुकणाऱ्याला काय कळतंय, म्हणून मीच पुढे झालो आणि ऐटीत एका डब्यात शिरलो. खिडकीशी गाठोडं घेऊन एक म्हातारे बसले होते. मी त्यांना बरंच समजावलं, “आबा, ही धुळ्याची गाडी. तुम्ही चुकलात, उतरा लवकर.” त्यांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, “गाडी मनमाडनी शे, भाऊ. तूच चुकना.” तोवर फलाट मागे पडला होता. रघूकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. पोहे वाळले होते आणि मुलीचे वडील, नाना, त्याहून कोरडे झाले होते. “ज्याला गाडी बघता येत नाही, तो संसार काय बघणार?” ते म्हणाले. मी टोपीशी चाळा करत राहिलो. जमत आलेलं मोडलंच होतं. तेवढ्यात रघूनं घसा खाकरला. शपथ त्यानं पाळली, इटलीचं नाव काढलं नाही. त्यानं मनमाडची गोष्ट सांगितली. माझी ऐट, ते गाठोडं, ती तंबाखू... आबांचं वाक्य यायच्या आधी थांबून तो पाण्याचा एक घोट प्यायला. सगळी बैठक ताटकळली. वाक्य आलं आणि आतल्या दारामागून कुणीतरी खळखळून हसलं. नानाही विरघळले. लग्न माझं ठरलं, पण कमलला हसवलं ते रघूनं. ही ठसठस मी संसारभर बाळगली. होकार कुणामुळे दिलास, असं कमलला एकदा विचारलंही. ती म्हणाली, “रघुभाऊजी तुमच्याकडे बघून सांगत होते. तेव्हा तुम्ही मला बरे वाटलात.”

तेरावं झाल्यावर पुतण्या ती उखळी घेऊन आला. “काकांनी कमलकाकूंना द्यायला सांगितलं होतं.” म्हणजे तिथंही मी नाहीच! परवा कमलनं तीत भरीत ठेचलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली आणि म्हणाली, “मनमाडची सांगा ना.” मी सांगायला लागलो. गाठोडं झालं, तंबाखू झाली, आणि मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “इथं भाऊजी थांबायचे.”

मी थांबलो. पाण्याचा घोट घेतला. उखळीतलं भरीत गार होत गेलं, आणि आम्ही दोघं पुढच्या वाक्याची वाट बघत बसलो...