पेन्सिलीतला सामना

मेघनाताई गेल्याचं त्यांच्या यजमानांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी जपानमधल्या त्सुकुबाच्या घरी सकाळचा कचरा वेगळा करत होते. "झोपेतच गेली," एवढंच ते म्हणाले. पाच आठवडे झाले त्याला. खरं सांगते, दुःखाच्या आधी भीती वाटली... आता आमच्या पोरींच्या वाटा कोण बघणार?

नवऱ्याच्या नोकरीमागून ताई पुण्याहून इथे आल्या आणि एका विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करू लागल्या. लीगचे सामने ठरलेलेच येतात. त्याबाहेरचे मात्र आपण मागायचे असतात, आणि तगडा संघ काही आपल्या दारी येत नाही. आपणच बस करून त्यांच्या गावी जायचं. हे सगळं ताईंकडे. समोरून होकार आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या पेन्सिलीने नोंद करत. मग एखाद्या रविवारी एकट्याच त्या गावी जाऊन रस्ता, घाट, बस वळवायची जागा, जवळचं हॉस्पिटल बघून येत. परतल्या की त्याच संध्याकाळी पेन्सिलीवर निळी शाई. शाई नाही तर सामना नाही, हा त्यांचा कायदा, आणि प्रशिक्षकसुद्धा तो पाळत.

आम्ही इथल्या मराठी बायका फार चिडवायचो. "ताई, तुम्ही स्थळ बघायला निघाल्यासारख्या निघता!" त्या हसायच्या. "अगं, स्थळ वाईट निघालं तर पोर माघारी तरी येते. बस दरीत गेली तर?" इतक्या हसऱ्या बाईच्या पोटात एवढी धास्ती कुठून, मला कळत नसे. माझी लेक इरा संघात आली आणि कळलं.

ताईंचं काम आता मी बघते. कॅलेंडरवर त्यांच्या हातची शेवटची नोंद फेब्रुवारीतली, डोंगरातल्या एका गावची, पेन्सिलीतली. इराचं हे शेवटचं वर्ष; त्या संघाशी खेळायचं म्हणून ती वर्षभर घाम गाळतेय. ताईंना जाऊन यायला सवड मिळाली नसेल, असं मी धरून चालले आणि गेल्या रविवारी स्वतःच निघाले. घाटात डावीकडे दरी, रस्त्यावर काचेसारखा बर्फ. एका वळणावर मी बसले होते ती बस मागे सरकली, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं... आणि इराचं.

तिथल्या बास्केटबॉल हॉलच्या म्हाताऱ्या रखवालदाराने मला पाहताच विचारलं, "तुमच्यातल्याच एक बाई डिसेंबरच्या सुरुवातीला आल्या होत्या ना? वरच्या वळणावर खूप वेळ उभ्या होत्या."

मी मनात दिवस मोजले. त्यानंतर ताई चांगले दोन आठवडे होत्या. रोज त्या कॅलेंडरसमोर बसत होत्या. बघून आल्या होत्या, आणि तरी शाई लावली नव्हती.

रात्री इराला घाटाचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागोमाग संघाच्या खोलीत आली. आधी जपानीत काहीबाही बोलली, मग मराठीत, मला नीट लागावं म्हणून. "आई, तू पण मेघनामावशीसारखी भित्री झालीस."

"हो," मी म्हणाले.

ताईंचं निळं पेन दोरीला लटकत होतं. मी शेजारचा खोडरबर उचलला.