डाव्या पायाचं काम

परळीला वीज कारखान्याची राख भरायच्या ट्रकांच्या रांगेत एक डायवर रोज दिसायचा. त्याला एका जागी उभं ऱ्हानं जमायचंच न्हाई. सारखा दुसऱ्याच्या टायरला लाथा घालत फिरायचा. नाव मी कधी इचारलं न्हाई.

मालकानं मला नवा आटोमॅटिक ट्रक दिलता. आठ दिवसांत जमला न्हाई तर दुसऱ्याला देनार होता. त्यात क्लच नसतोच. मी लई शहाना, पहिल्याच चढाला क्लच समजून डाव्या पायानं ब्रेक दाबला. कपाळ काचेवर आपटलं आन् मागं समदे हॉर्न वाजवाय लागले.

तवा रांगेतला हा डायवर माझ्या केबिनमधी चढला, बाजूला बसला. "डावा पाय मांडीखाली घे बे, जेवाया बसल्यावानी."

मी घेतला. गाडी गुमान चढाय लागली.

"जुनी आटोमॅटिक बी चालवली म्या," त्यो म्हनला. "गेअर बदलताना धक्का द्यायची, चढाला मागं सरकायची. मानूस जागा ऱ्हायचा. ही नवी समदं आपलं आपन करती."

मी खाली बघितलं. गाडीनं गेअर बदलला की त्याचा डावा पाय क्लच दाबल्यावानी खालचा रिकामा पत्रा दाबत होता.

"काका, तुमचा पाय?"

"त्याला अजून सांगितलं न्हाई," त्यो म्हनला, "काम गेलं म्हनून."