विलासदादांचा कान

विलासदादा गेल्याचं आमच्या ग्रुपवर वाचलं तेव्हा मी गिटारच्या तारा बदलत होतो. हार्ट अटॅक. हळहळ वाटायच्या आधी मनात आलं ते हे, की आता त्यांना कधीच कळणार नाही... आणि सुटल्यासारखं वाटलं. महिना झाला, त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण वाजवायला जमतो. नोकरदार, हौशी माणसं. तीन वर्षांपूर्वी दादा भांडुपहून पाठीला बास गिटार लावून आले. इलेक्ट्रिशियनचं काम करून निवृत्त झालेले. तरुणपणी वस्तीतल्या गायन पार्टीत, भीमजयंतीला ढोलकी वाजवलेली. साठीत आपले आपण बास शिकले. "ढोलकी काय, बास काय, गाणाऱ्याला पडू द्यायचं नाही, बस," म्हणायचे. कॉर्डची नावं त्यांना येत नसत. माझी गिटार ऐकायची आणि त्यावरून आपला सूर धरायचा, सगळा कारभार कानावर. मी चार पुस्तकं वाचून वाजवणारा. मला आधी हसू यायचं. पण ते नसले की सगळं पोकळ वाटायचं, हेही खरं.

गेल्या हिवाळ्यात अंधेरीहून एक गायिका आली. मोठ्या कार्यक्रमांत गाणारी. मला तिच्यापुढे शायनिंग मारायची होती. अंतऱ्यात मी भलताच कॉर्ड धरला आणि दादा इमानाने माझ्यामागे आले. ती थांबली. "कोण चुकतंय यार?" मला पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "दादा, कान द्या ना जरा! वय झालं काय?" सगळे हसले. दादा ओशाळले. "सॉरी रे संज्या... चुकलं असेल माझं. परत घे." या वेळी मी बरोबर वाजवलं, आणि अर्थातच तेही बरोबर आले. "हां, आता झकास," गायिका म्हणाली. मी मान डोलावली.

त्यानंतर ते दोन-तीनदाच आले. अगदी हळू वाजवायचे... मग गुडघ्याचं कारण सांगून थांबले. फोन करून खरं सांगावं असं कितीदा वाटलं. वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

मागच्या आठवड्यात भांडुपला वहिनींना भेटायला गेलो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "यांनी कान तपासून घेतले होते, माहितीये? दोनदा. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तरी यांचं आपलं एकच, मशीनला काय कळतंय, संज्या खोटं कशाला बोलेल?"

कप खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा कान इतका चोख होता, की माझी चूकसुद्धा त्याने जशीच्या तशी टिपली होती. वहिनी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "तेव्हा चौघांत बोललात ना त्यांना? मग मला एकटीला काय सांगता, भाऊजी? चौघांतच सांगा."

त्यानंतरचा रविवार आला. हॉलमध्ये सगळे जमले. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गिटारच लावत बसलो. म्हणून हे इथे लिहितोय. हा पेपर आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी येतो. त्या दिवशी मी चुकलो होतो. दादा बरोबर होते.