कोरं बोट

निवडणुकीला उभी राहिली, गावभर हात जोडत फिरली, आणि स्वतःचं मत मात्र स्वतःला दिलं नाही! पिंपळटेपच्या छायाबाई अमोलिकचं नाव निघालं की लोक आधी हेच सांगतात आणि हसतात. हसू द्या. पण हसणाऱ्यांनी पुढचंही ऐकून जावं. अर्धीच गोष्ट सांगत सुटायची आपल्याकडं सवय लागलीय लोकांना.

छाया शिवणकाम करते. कर्जतहून दहिवली ओलांडून पुढं गेलं की वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडं तिचं घर, ओटीवर शिलाई मशीन. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याच हातचे. नवऱ्याच्या आजोबांना रेल्वेत गँगमनची नोकरी लागली तेव्हापासून अमोलिक इथलेच. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार. बाईचं तोंड फटकळ. कुणी कापड कमी आणून वर लांब बाह्या मागितल्या, की "बाह्या काय माझ्या पदराच्या लावू गं?" असं तोंडावर विचारणार. रविवारची दहाची उपासना मात्र ती कधी चुकवत नाही. कर्जतच्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर दिसली नाही, तर पाळकसाहेब फोन करून विचारतात, ताप आला का म्हणून.

असली बाई राजकारणात पडली ती एका साकवापायी, वहाळावरच्या एवढ्याशा पुलापायी. वहाळाच्या पलीकडं ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आणि तिच्याही पुढं कातकरवाडी. पावसाळ्यात मध्ये कमरेएवढं पाणी. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टात छायाचे सासरे गेले. चौघांनी पेटी खांद्यावर घेतली, आणि नेमका मधोमध एकाचा पाय सटकला. पेटी कलली. छाया नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरली आणि तिनं पेटीला खांदा दिला. जन्मभर कुणाला उणा शब्द न बोललेला माणूस, आणि मातीला जाताना त्याची ही दशा! त्या दिवशी ती रडली नाही, भडकली. घरी येऊन ओल्या अंगानं साकवाचा अर्ज लिहायला बसली. तो अर्ज तिनं ग्रामपंचायतीत पाच वेळा दिला आणि पाचही वेळा तिला "बघू" एवढंच ऐकायला मिळालं. सहावी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं बायबलात ठेवली होती. रोज रात्री बायबल उघडलं की आधी तोच अर्ज हाताला लागायचा.

म्हणून प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली आणि पॅनेलचा पुढारी नामाशेठ दारात आला, तेव्हा तिनं एकच विचारलं, "साकव करणार का?"

"निवडून या वहिनी, दोन करू!"

चिन्ह मिळालं शिलाई मशीन. गाव हसून हसून लोळलं. समोर दुसऱ्या पॅनेलची इंदूबाई, चिन्ह कपबशी. इंदूबाई म्हणजे गावातली जुनी शेतकरीण, आवाज असा की भातात शिरलेली म्हैस नुसत्या हाकेनं बाहेर यावी. महिनाभर दोघी समोरासमोर आल्या की माना वळवून जात होत्या.

मतदान आलं डिसेंबरातल्या रविवारी. सकाळी सातलाच नामाशेठ हजर. "वहिनी, आधी मत टाका, मग कुठं जायचं तिथं जा."

"आधी उपासना. मत कुठं पळून चाललंय? साडेपाचपर्यंत हाय ना मशीन?"

"अवो, इलेक्शन हाय आज!"

"आणि मला रविवार हाय!" असं म्हणून ती निघालीसुद्धा. नामाशेठनं कपाळावर हात मारला.

दुपारी ती परतली, कातकरवाडीतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून वहाळ ओलांडून आणण्यात तीन वाजले, आणि साडेतीनला तोंडावर पाणी मारून ती स्वतःच्या मतासाठी शाळेकडं निघाली. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत इंदूबाईचं घर. आणि त्या घरामागून अशी किंकाळी आली की छाया जागीच थांबली.

मागच्या पायरीवर इंदूबाईची सून नम्रता भिंतीला धरून बसलेली. पायाखाली सगळं ओलं. अजून तीन आठवडे बाकी, आणि घरात चिटपाखरू नाही. नवरा ऋतिक खालापूरच्या कारखान्यात पाळीवर, सासू मतदान केंद्रावर, फोन बंद.

"छायाकाकी, मला काय व्हतंय गं?"

"काय व्हायचंय? बाळ व्हतंय!"

रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती यायला पाऊण तास. कळा तेवढं थांबायला तयार नव्हत्या. समोरच्या ओट्यावर नागूआजा बसला होता, त्याला छाया ओरडून म्हणाली, "इंदूमावशीला सांग, सुनेला कर्जतला नेली!" नागूआजानं मान डोलावली. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, हे तिला घाईत आठवलंच नाही. तेवढ्यात रस्त्यावर याकूबभाईची भाड्याची गाडी दिसली. छाया सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिली.

"वहिनी, गाडी नामाशेठनं लावलीय. मतदार आणायला."

"मग ही काय हाय? अठरा पूर्ण झालेत हिला, मतदारच हाय! दार उघड!"

याकूबभाईनं दार उघडलं आणि गाडी अशी पळवली की दहिवलीचे सगळे गतिरोधक त्या पोरीनं शिव्या देत मोजले. कर्जतच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. परिचारिकेनं नम्रताला आत घेतलं.

"वहिनी," याकूबभाई घड्याळाकडं बघत म्हणाला, "आता निघालो तर पोचतो. मत पडंल तुमचं."

खरं होतं ते. छायानं पाऊल उचललंही. तेवढ्यात आतून हाक आली, "काकी, जाऊ नको गं! माझं कुणी नाय इथं!"

छाया दारात उभी. डोळ्यांपुढं तो वहाळ, ती कललेली पेटी, पाच वेळचं "बघू". एका मताची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? ती वर बघून चक्क भांडली. "प्रभू, तुला आजचाच दिवस सापडला का रे? आणि हीच सून? गावात दुसऱ्या कुणाची नव्हती?" मग पदर खोचला, याकूबभाईला म्हणाली, "तू जा, तुझं मत टाक," आणि आत जाऊन पोरीचा हात धरला. तो हात पुढचा तासभर सुटला नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली, आणि काय ते तिचं रडणं! आजीवर गेली होती, दुसरं काय?

याकूबभाईकडून कळून इंदूबाई पोचली तेव्हा अंधार पडला होता. छायाच्या हातात गप झोपलेल्या नातीकडं बघितलं, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली बसली. छायानं मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं, तशी ती पुन्हा रडायला लागली, आणि छाया घरी आली.

गावात मात्र तोंडं सुरू झाली होती. यादीत छायाच्या नावापुढं खूण नव्हती. स्वतःचं मत नाही? मग विकली गेली असणार! कपबशीवालीच्या सुनेला घेऊन गेली होती? मग तर नक्कीच! नामाशेठनं फोनवर एवढंच म्हटलं, "वहिनी, आमी तुमच्यावर भरवसा ठेवला." छायाला ते फार लागलं. उभ्या आयुष्यात तिनं कुणाच्या कापडातली चिंधीसुद्धा विचारल्याशिवाय ठेवून घेतली नव्हती. तिनं दोघातिघांना सांगून बघितलं, लोक गालात हसले. मग तिनं सांगायचं सोडलं.

मंगळवारी तहसील कचेरीत मोजणी झाली. शिलाई मशीन दोनशे चौदा. कपबशी दोनशे चौदा! पुन्हा मोजा, पुन्हा मोजा म्हणून दोन्हीकडून ओरडा झाला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. आणि मग नामाशेठचा तोल सुटला.

"एक मत! स्वतःचं एक मत टाकलं असतं तर आज गुलाल आपला व्हता! देवाधर्माचं नाव घ्यायचं आणि पाठीमागून पॅनेल विकायचं!"

छायाचं तोंड लाल झालं. ती नामाशेठकडं वळली. तोच गर्दीतून वाट काढत इंदूबाई आली. दवाखान्यातून तशीच, दोन दिवसांच्या चुरगळल्या लुगड्यात. तिनं छायाचा डावा हात धरला आणि सगळ्यांसमोर उंच केला.

"बघा रं हे बोट! शाई हाय का? नाय! आणि माझ्या सुनेच्याबी बोटाला नाय. दोन्ही कोरी बोटं एकाच गाडीतून गेली. ही मत टाकायला गेली असती तर आज माझ्या घरात सुतक असतं. नातीच्या गळ्याभोवती नाळ आवळली व्हती, डाक्टरनी सांगितलं मला. हिला विकली म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर म्हणावं!"

तिचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. कचेरीच्या आवारातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. नामाशेठनं मान खाली घातली.

बरोबरी झाली की चिठ्ठी काढायचा नियम. साहेबांनी दोन सारख्या चिठ्ठ्या घड्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि शिपायानं एक उचलली. छायानं डोळे मिटले. साकव, प्रभू, साकव, एवढंच तिच्या ओठांत होतं.

"इंदूबाई!"

कपबशीवाल्यांनी गुलाल उधळला. छायानं डोळे उघडले. जिवाला लागलं तिच्या, खोटं कशाला सांगायचं? सहा वर्षं एका चिठ्ठीत गेली. तरी ती पुढं झाली आणि म्हणाली, "मावशे, अभिनंदन गं."

इंदूबाईनं अभिनंदन वगैरे ऐकून घेतलंच नाही. "तो अर्ज कुठाय तुझा?"

"कुठला?"

"साकवाचा गं! प्रचारात घरोघर दाखवत व्हतीस तो. माझ्या पॅनेलची पाच माणसं आलीत निवडून, आणि त्यातल्या एकाचीबी माझ्यापुढं बोलायची छाती नाय. आण हिकडं."

छायानं पिशवीतून बायबल काढलं, बायबलातून अर्ज काढला. इंदूबाईनं तिथंच खाली बसून अर्ज मांडीवर पसरला, छायाचं ते कोरं बोट धरलं, आपल्या गालावरच्या गुलालात बुडवलं आणि अर्जाच्या कोपऱ्यावर दाबलं.

"झालं बघ तुझं मत," ती म्हणाली. "आता चल, पोरगी तिकडं रडतीया. तुझ्याशिवाय कुणाच्याच हातात गप बसत नाय भवानी!"