आत्याचा कापूस

माझ्या आत्याला बोथट वस्तू सहन व्हायची नाही. कुणाच्याही घरी गेली की विळीची धार अंगठ्याने बघायची आणि घरच्या बाईला दोन शब्द सुनावूनच चहाला बसायची. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तिने उभा जन्म डोळ्यांची आखणी केली. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे आत्याचेच.

अशा बाईच्या पदरात एक पूडल कुत्रा पडला. मुलगा नोकरीसाठी आखातात गेला आणि आपलं पांढरंशुभ्र, कुरळ्या केसांचं लाडकं कुत्रं आईकडे सोडून गेला. त्याचं इंग्रजी नाव आत्याने पहिल्याच दिवशी मोडीत काढलं आणि कापूस ठेवलं. या जातीचे केस गळत नाहीत, वाढतच जातात. रोज विंचरले नाहीत तर गुंता पार कातडीपर्यंत जातो. पेणमध्ये कुत्र्याचे केस कापणारं तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून मुलाने ठेवलेलं मशीन आत्यानेच हातात घेतलं.

पहिल्याच थंडीत घोटाळा झाला. आपल्याकडे डोक्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल! आत्याने मशीनच्या ब्लेडलाही तेच घातलं. सकाळच्या गारठ्यात ते थिजलं, ब्लेडमध्ये केसांचा लगदा झाला आणि कापसाचे केस ओढले गेले. तो केकाटत पलंगाखाली शिरला. आत्या दुपारपर्यंत जमिनीवर बसून त्याची मनधरणी करत होती. "चुकलं रे माझं, ये ना बाहेर."

त्यानंतर शिवणयंत्राचं तेल आलं. केस कापण्याआधी कापसाला आंघोळ, कारण केसांतली माती धार खाते. काम झालं की जुन्या टूथब्रशने ब्लेड साफ करायची. धार उतरली तर मूर्ती घासायचा बारीक पॉलिश पेपर काचेवर पसरायची आणि त्यावर ब्लेड सपाट घासायची. रस्त्यावरच्या धारवाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. चालता चालता ब्लेड तापतं, म्हणून मधूनमधून ते स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. तिच्या मनगटावर लालसर डाग होते. कापसाला कधी चटका बसला नाही.

मग तिचे हात थरथरायला लागले. कारखान्यात तिने आपणहून सांगितलं, "यंदापासून डोळे माझ्याकडं नको." पण कापसाचं काय? तो दुसऱ्या कुणाला तोंडाजवळ येऊ देईना. केस डोळ्यांवर आले आणि तो खुर्च्यांना धडकू लागला.

आत्याने मला रोह्याहून बोलावून घेतलं. "रोजचा कंगवापण माझ्यानं होत नाय. ज्याला याचे केस जमतील, त्याच्याकडं हा राहील. तू शीक गो."

मी दर रविवारी पेणला जाऊ लागले. आत्या कापसाचं तोंड आपल्या थरथरत्या ओंजळीत धरायची, म्हणून तो उभा राहायचा. "ब्लेड टेकव, दाबू नको!" चुकले की हातावर चापट बसायची. त्याला माझ्या गळ्यात घालायची एवढी कसली घाई, म्हणून मला तिचा रागही यायचा.

एका रविवारी तिने हळूच ओंजळ सोडली, तरी कापूस हलला नाही. मी दोन्ही डोळ्यांभोवतीचे केस साफ केले. आत्याने वाकून नीट बघितलं. "जमलं गो तुला," म्हणाली आणि लगेच मशीन पिशवीत भरायला लागली. "आजच ने त्याला."

मी रोह्यापर्यंत रिक्षा ठरवली. रिक्षा येईपर्यंत कापूस तिच्या मांडीवर होता. मी आत बसल्यावर तिने त्याला माझ्या हातात दिलं, पण त्याच्या पाठीवरचा हात काही काढेना.

"तुला शिकवायची ना," ती म्हणाली, "आणि तू गेलीस की देवाला सांगायची, नको जमू दे रे हिला."