माशाला दिलेली गादी

सुभाष रोडवर आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माप देताना लहान पोरं रडतात, मासा बघून गप्प राहतील, म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, काउंटरवर एक सोनेरी मासा आणून ठेवला, काचेच्या गोल भांड्यात. मासा भांड्याएवढाच वाढतो, असं विकणाऱ्यानं त्यांना इथल्या बाजारच्या भाषेत, कन्नडमधून, पटवून दिलं होतं. अप्पांना ते फारच आवडलं. आमच्याकडे कुठलाही कपडा अगदी अंगाबरोबर शिवत नाहीत. पँटच्या तळाशी चार बोटं कापड आत दुमडलेलं असतं, वाढत्या अंगासाठी. ते दाखवताना अप्पा माशाकडे बोट करून मुलांच्या आयांना म्हणायचे, "हा बघा की शहाणा, कपडा बघून अंग धरतो."

कॉलेज सुटल्यावर मी दुकानात बसायचे. गिऱ्हाइकांशी बोलणं मला जमत नाही, म्हणून भांड्याचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. आणला तेव्हा अर्ध्या बोटाएवढा असलेला मासा वर्षभरात तळहाताच्या रुंदीएवढा झाला. आता त्याला वळायचं तर अंग मुडपावं लागे. मी फोनवर शोधून वाचलं. हे मासे वीतभर होतात. लहान भांड्यात त्यांच्याच घाणीनं पाणी विषारी होतं, वाढ बिघडते. वाचलं ते सगळं इंग्रजीत; मनात मराठी वाक्यं जुळवायची आणि अप्पांसमोर गिळून टाकायची, असं तीन महिने चाललं. त्यांचा विनोद मोडायला नको वाटे. पाणी मात्र मी जास्त वेळा बदलू लागले, जणू तेवढ्यानं भागेल.

एका दुपारी मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. वरून पाहिलं तर पाठ एका बाजूला वाकलेली. अप्पा एका बाईंना तोच विनोद सांगत होते. त्या गेल्यावर मी म्हणाले, "अप्पा, तो वाढायचा थांबला नाहीये. वाकडा व्हायला लागलाय."

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वरून पाहिलं. कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

"किती होईल?"

मी मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला.

निदान तीन फुटांची टाकी हवी होती. दुकान अरुंद, तिन्ही भिंतींना कपाटं. एवढ्या पाण्याचं वजन पेलेल अशी एकच जागा होती, अप्पांच्या गादीखालची लाकडी बैठक. आईनं ऐकलं आणि फोनवरच नाराज झाली. लक्ष्मीच्या जागेवर मासा बसवतात काय, असं तिचं म्हणणं.

"देवाचा पहिला अवतार कुठला गं? आठवून सांग," अप्पा तिला म्हणाले.

त्यांनी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि स्वतः प्लॅस्टिकच्या स्टुलावर आले. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, तेव्हा टाकीकडे बोट करून सांगायचे, मालक बदललेत.

पहिले काही दिवस मासा एवढ्या मोठ्या टाकीतही कोपऱ्यातच गोल फिरायचा. मग एकदा दुसऱ्या टोकापर्यंत गेला. थोडा कलून पोहत होता, पण गेला. धापा टाकणं थांबलं होतं.

"पाठ सरळ होईल काय गं?" अप्पांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही होणार. पण जगेल, बरीच वर्षं."

त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि आणखी काय काय वाचलंयस, सगळं सांग म्हणाले. तेवढ्यात एक बाई मुलीला माप द्यायला घेऊन आल्या. अप्पांनी त्यांना जरा बसायला सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. मधेमधे मला मराठी शब्द सापडत नव्हते. ते थांबून राहत होते.